कमिन्स ५.९ मधली ‘किलर डॉवेल पिन’ : ती निसटायच्या आत करायचं एक दिवसाचं काम

कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर डिझेल इंजिन ज्याच्याकडे आहे तो त्याच्याविषयी सहसा वाईट बोलत नाही. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, १०२ मिलिमीटरचा बोअर, १२० मिलिमीटरचा स्ट्रोक, टायमिंगला बेल्ट नाही की चेन नाही, सगळं गियरवर. ट्रॅक्टर, जनरेटर, बोटी, बस, जे मिळेल ते या इंजिनाने ओढलं, आणि १९८९ च्या मॉडेलपासून अमेरिकेत ते डॉज रॅम पिकअपच्या बॉनेटखाली आलं. ट्रक गंजून कुजला तरी इंजिन काढून दुसऱ्या गाडीत बसवतात, असं हे इंजिन.

आणि अशा इंजिनाचा जीव करंगळीच्या पेरापेक्षा बारीक अशा एका पोलादी पिनेत अडकलेला असतो. अमेरिकेतले मालक तिला ‘किलर डॉवेल पिन’ म्हणतात. नाव जरा नाटकी आहे. बहुतेक इंजिनांत ही पिन कधीच कुणाचा जीव घेत नाही. पण जिथे घेते तिथे आधी सूचना देत नाही. ना आवाज, ना धूर, ना डॅशबोर्डवर दिवा. म्हणून वाट न बघता आधीच हात घालायचा. काम कठीण नाही. पिनेवर एक पट्टी बसवायची, दहा मिनिटांचा खेळ. उरलेला सगळा दिवस तिथपर्यंत पोचण्यात आणि परत बंद करण्यात जातो, आणि नवशिक्याच्या चुका त्या बंद करण्यातच होतात. त्यामुळे या लेखात पिनेपेक्षा सीलवर जास्त बोललो आहे, ते मुद्दाम.

पिन आहे तरी कशाला?

ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर ॲल्युमिनियमची एक मोठी कास्टिंग बोल्टने बसवलेली असते, ती गियर हाउसिंग. इंजेक्शन पंप याच हाउसिंगला लटकतो. हाउसिंग केसभरही इकडेतिकडे बसलं तर पंपाचा गियर कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) गियरशी नीट जुळणार नाही. म्हणून कारखान्यात जुळणी करताना ब्लॉकमध्ये डॉवेल पिना ठोकतात आणि हाउसिंग त्यांच्यावर चढवतात, म्हणजे ते आपोआप जागेवर येतं. मग बोल्ट आवळतात. बोल्ट आवळले की पिनेचं काम जवळपास संपलं. पुढची वीस-तीस वर्षं ती नुसती बसून असते.

ही घातकी पिन ज्या भोकात बसते ते हाउसिंगच्या आरपार गेलेलं आहे. मागे ब्लॉक, पण पुढे काहीच नाही, थेट फिरते गियर. तिला धरून ठेवणारी गोष्ट एकच, घट्ट बसण्यातली पकड. आता इंजिन तापलं की ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण दुप्पट फुगतं, आणि हाउसिंगमधलं भोक पिनेला थोडं सैल सोडतं. थंड झालं की पुन्हा आवळतं. त्यात डिझेलचे हादरे, त्यात पंप चालवताना गियरना बसणारे झटके. जुन्या लाकडी दारातला खिळा कुणी न उपटताही वर येतो तसं हे होतं. हजारो वेळा तापून-थंडावून पिन पुढे सरकते आणि एक दिवस सुटते.

सुटल्यावर काय होईल ते नशिबावर. बऱ्याचदा ती गियरच्या कडेने घरंगळत खाली तेलाच्या चेंबरमध्ये पडते आणि तेलात गपचूप पडून राहते. कधी ती गियर आणि हाउसिंगच्या भिंतीमध्ये अडकते आणि हाउसिंगला तडा जातो. मग इंजिनाच्या तोंडातून तेल वाहू लागतं. आणि कधी ती सरळ दोन गियरच्या दातांत जाते. तेव्हा दात तुटतात, कॅमचं टायमिंग घसरतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, पुशरॉड वाकतात. त्यानंतर इंजिन बांधावं की बदलावं एवढाच प्रश्न राहतो.

कोणती इंजिनं तपासायची

डॉज रॅममध्ये १९८९ पासून १९९८ च्या मध्यापर्यंत बारा व्हॉल्व्हचं इंजिन होतं: १९९३ पर्यंत बॉशचा व्हीई पंप असलेलं, १९९४ पासून पी ७१०० हा इनलाइन पंप असलेलं. या सगळ्यांत ही पिन तपासायलाच हवी. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनातही उघडल्यावर एक नजर टाकावी. पिनेच्या समोर भोकाचं तोंड अरुंद असेल, म्हणजे पिन बाहेर येऊच शकत नसेल, तर तिथे करण्यासारखं काही नाही. नुसतं साल बघून मात्र निष्कर्ष काढू नका. विकत घेतलेल्या जुन्या ट्रकमध्ये आधी कुणी पट्टी बसवली आहे, असं मालक सांगतो. तो खरंच सांगत असेल, पण बिल किंवा फोटो नसेल तर मी तरी उघडून पाहतो.

पुढचं ऑइल सील गळत असेल किंवा डॅम्पर (क्रँकच्या पुढच्या टोकावरचं, हादरे शोषणारं चाक) बदलायचा असेल तर हीच वेळ. नाहीतरी तिथपर्यंत उघडणारच आहात.

तयारी

त्या इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल जवळ हवंच. खाली दिलेले टॉर्कचे आकडे बारा व्हॉल्व्हच्या इंजिनाचे आहेत. चोवीस व्हॉल्व्हवाल्यांनी आपापल्या मॅन्युअलमधले घ्यावेत.

सामान फार नाही. मिलिमीटरचे सॉकेट (हाउसिंगच्या बोल्टांना १० मिलिमीटरचा पाना लागतो), पंख्याच्या नटासाठी ३६ मिलिमीटरचा पातळ पाना, इंच-पाउंड नव्हे तर फूट-पाउंडवाला किंवा न्यूटन-मीटरवाला टॉर्क रेंच, बोथट सुंबा, सेंटर पंच, हातोडी, कानस, ब्रेक क्लीनरचे दोन डबे, निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारं द्रव), आरसा आणि चांगली टॉर्च. नवीन पुढचं ऑइल सील घ्या आणि ते ज्या प्लॅस्टिकच्या टोपीसह येतं तीच टोपी सांभाळा, कारण सील क्रँकवर चढवताना तिची गरज लागते. कव्हरचं गॅस्केट नवीन. इंजिन हाताने फिरवायचं बारिंग टूलही लागेल. ते फ्लायव्हील हाउसिंगच्या भोकातून आत घालून रिंग गियरवर बसवतात. याच्याशिवाय काम होतं, पण चिडचिड करत होतं.

पट्टी तयार मिळते. स्वतःही करता येते: ३ मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी पट्टीचा अंगठ्याएवढा तुकडा, एका टोकाला ८ मिलिमीटरचा बोल्ट सहज जाईल असं भोक, दुसरं टोक पिनेच्या तोंडावर येईल एवढं लांब. चारी कडा कानशीने मारून गुळगुळीत करा. ज्या पट्टीने गियरच्या शेजारी आयुष्य काढायचं आहे तिच्यावर एकही टोक, एकही धातूचा कीस राहता कामा नये.

उघडणे

ट्रक सपाट जागी, चाकांना ठोकळे, गियर न्यूट्रल. ट्रकला दोन बॅटऱ्या आहेत का बघा. असतील तर दोन्हींच्या निगेटिव्ह तारा काढा, एकीची काढून ‘झालं’ समजू नका.

रेडिएटर काढायची आणि पाणी सांडायची गरज नाही. पण रेडिएटरसमोर आतल्या बाजूने जाड पुठ्ठा उभा करा. पाना सटकला की तो थेट रेडिएटरच्या जाळीत जातो. एका पुठ्ठ्यापायी ती जाळी वाचते. इंजिनाचं तोंड आधी ब्रशने आणि डिग्रीझरने धुऊन घ्या. इथे वीस वर्षांचं तेल आणि धूळ मिळून झालेला काळा लेप असतो, आणि कव्हर काढताना त्यातलं एक ढेकूळ जरी आत पडलं तरी ते तेलाबरोबर फिरतं.

पंख्याचा पट्टा काढायच्या आधी त्याच्या वाटेचा फोटो काढा. टेन्शनरला चौकोनी ड्राइव्हचा रॅचेट लावून पट्टा सैल करा. मग पंखा. पंख्याच्या मधल्या मोठ्या नटाला या ट्रकवर उलटे आटे असतात, म्हणजे समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने सुटतो. मॅन्युअलमध्ये खात्री करून मगच जोर लावा. मोठ्या पान्यावर हातोडीचा एकच खणखणीत ठोका बसला की हा नट सुटतो. सावकाश रेटत बसलात तर पुलीसकट सगळं फिरत राहील. पंखा आणि त्याचं कवच एकत्रच वर काढावे लागतात, दोन हात कमी पडतात.

क्रँकच्या पुढचा डॅम्पर चार बोल्टवर असतो. बारिंग टूल धरून कुणाला तरी उभं करा आणि बोल्ट सोडा. हा डॅम्पर दाबून बसवलेला नसतो, पुलर लागत नाही, थोडा हलवला की हातात येतो. जड आहे, पायावर घेऊ नका. काढलाच आहे तर त्याचं रबर बघा. हबवर आणि बाहेरच्या कड्यावर एकेक खूण असते. दोन खुणांमध्ये १.६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला असेल तर रबर सरकलं आहे, डॅम्पर बदला. ज्या बारा व्हॉल्व्हच्या गाड्यांत डॅम्परजवळ वेगाचा सेन्सर असतो, तिथे तो काढण्याआधी मधली फट फीलर गेजने मोजून लिहून ठेवा, परत बसवताना तेवढीच ठेवायची.

१९९४ नंतरच्या काही गाड्यांवर क्रँककेसचा वाफारा बाहेर टाकणारी डबी इंजिनाच्या तोंडाशी असते आणि ती तेल गाळते. ‘पुढचं सील गेलं’ म्हणून लोक जे तेल दाखवतात त्यातलं निम्मं या डबीचं असतं. नळी काढून आतून स्वच्छ करा.

आता कव्हर. पुठ्ठ्यावर कव्हरचा ढोबळ आकार काढा आणि प्रत्येक बोल्ट सोडला की त्याच्या जागी पुठ्ठ्यात खोचा. कव्हर गॅस्केटला चिकटलेलं असतं. कडेला लाकडी ठोकळा ठेवून हलकं ठोका. पेचकस खुपसून उचकटू नका. ॲल्युमिनियमला एक ओरखडा पडला की तेलाला वाट मिळाली.

पिन शोधणे

कव्हर निघालं की समोर कॅमचा मोठा गियर दिसतो, वरच्या अंगाला पंपाचा, खाली क्रँकचा. पिन कॅमच्या गियरच्या कडेपाशी, हाउसिंगच्या भिंतीत असते. शोधायची खूण सोपी आहे: हाउसिंगला धरणाऱ्या एका बोल्टच्या अगदी शेजारी एक गोल भोक, ज्याच्यात बोल्टचं डोकं नाही. तेलाने माखलेलं असल्यामुळे पहिल्यांदा दिसत नाही. ब्रेक क्लीनर थेट आत फवारू नका, कापडावर घेऊन पुसा.

मी पहिल्यांदा बघितली तेव्हा ती हाउसिंगच्या पृष्ठभागाच्या बाहेर नखभर डोकावत होती. टॉर्च तिरकी धरली तर तिच्या अंगावरची रेघ दिसली: पुढचं टोक तेलाने पिवळटलेलं, आणि त्यामागे एक चकचकीत कडं, नुकतंच भोकातून बाहेर आलेलं. गियर तिच्यापासून फार लांब नव्हता. बोटाने ढकलली तर हलली नाही, पण सुंब्याच्या पहिल्याच ठोक्याला आत गेली, इतकी सहज की मला बरं वाटलं नाही.

तुमच्याकडे चारपैकी एक प्रकार असेल.

पिन भोकाच्या आत, पृष्ठभागाच्या खाली: उत्तम. बोथट सुंब्याने आणखी थोडी आत बसवा आणि पट्टी लावा.

पिन बाहेर आलेली: बोथट सुंबा बरोबर मध्यभागी धरून ठोका. गियरला हातोडी लागणार नाही याची काळजी घ्या. ती पृष्ठभागाच्या आत गेली पाहिजे.

भोक रिकामं: थांबा. इंजिन हाताने हळूहळू फिरवत प्रत्येक गियरचा प्रत्येक दात टॉर्चने बघा. हाउसिंगच्या भिंतीवर ओरखडा किंवा केसासारखा तडा आहे का ते बघा. सगळं शाबूत असेल तर पिन चेंबरमध्ये आहे. तेल काढून ड्रेनच्या भोकातून वाकणारं मॅग्नेट फिरवा, पुष्कळदा तेवढ्यात सापडते. तेलाच्या पंपाला जाळी असते, तेव्हा ती तिथेच पडून राहिली तर चालतं असं काही जण म्हणतात. असेलही. पण मला पिन हातात आल्याशिवाय झोप लागत नाही, आणि चेंबर काढणं या पिकअपवर कटकटीचं असलं तरी मी ते केलं असतं.

तडा सापडला: मग हा लेख तुमच्या कामाचा राहिला नाही. हाउसिंग बदलायचं म्हणजे कॅम बाहेर काढायला लागतो. या इंजिनाचे टॅपेट (कॅम आणि पुशरॉड यांच्या मधले ठोकळे) वरून निघत नाहीत, म्हणून पुशरॉडच्या भोकांतून लाकडी दांडे घालून ते वर धरून ठेवावे लागतात. तेही घरी करणारे आहेत, पण ते एका दिवसाचं काम नव्हे.

पट्टी बसवणे

पिनेशेजारचा बोल्ट काढा. फक्त तोच. सगळे बोल्ट एकदम सैल करायचा मोह होतो, ‘सगळ्यांनाच लॉकटाइट लावू’ म्हणून. तसं केलंत तर पंपाचं ओझं अंगावर घेतलेलं हाउसिंग जागचं हलू शकतं.

बोल्टचे आटे आणि ब्लॉकमधले आटे ब्रेक क्लीनरने तेल जाईपर्यंत स्वच्छ करा. तेलकट आट्यांवर लॉकटाइट धरत नाही. आता एक गोष्ट जी बरेच जण विसरतात: पट्टी ३ मिलिमीटर जाड आहे, म्हणजे तोच बोल्ट परत लावला तर तो ब्लॉकमध्ये ३ मिलिमीटर कमी जाणार. आटे किती मिळतात ते मोजा. बोल्टच्या व्यासाएवढे, म्हणजे ८ मिलिमीटर तरी मिळायला हवेत. मिळत नसतील तर त्याच दर्जाचा थोडा लांब बोल्ट घ्या. पण भोकाची खोलीही मोजा, कारण बोल्ट तळाला टेकला तर टॉर्क रेंच ‘क्लिक’ करेल आणि पट्टी मात्र सैलच राहील. साधी काडी घालून खोली मोजता येते.

पट्टी पिनेच्या तोंडावर आणा, बोल्टला निळं लॉकटाइट लावा, २४ न्यूटन-मीटर, म्हणजे १८ फूट-पाउंड. आवळताना पट्टी बोल्टबरोबर फिरते, तिला पेचकसाने धरून ठेवा. पट्टी हाउसिंगला सपाट टेकली पाहिजे. एका बाजूने उचललेली असेल तर कानस मारा.

पट्टी नसेल, किंवा जागेअभावी बसत नसेल, तर दुसरा उपाय म्हणजे पिन आत ठोकून भोकाच्या कडेला सेंटर पंचने तीन-चार ठिकाणी खोलगट ठोके मारायचे, म्हणजे ॲल्युमिनियम पिनेच्या तोंडावर थोडं सरकून तिला अडवतं. न करण्यापेक्षा बरं. पण ॲल्युमिनियम मऊ आहे, आणि पिनेला धीर भरपूर आहे. मी पट्टी लावतोच, आणि ठोकेही मारतो. ठोके मारले तर पडलेला कीस ग्रीस लावलेल्या कापडाने टिपून घ्या.

आता इंजिन बारिंग टूलने हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. दोनच का, तर क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा गियर एक फेरी पूर्ण करतो. पट्टी आणि गियर यांच्यामध्ये सगळीकडे फट दिसली पाहिजे. पट्टीवर ग्रीसचा जाडसर ठिपका ठेवून कव्हर नुसतं टेकवून बघा. कव्हरच्या आतल्या बाजूला ठिपका उमटला तर पट्टी किंवा बोल्टचं डोकं त्याला लागतंय. आणि बाराव्हॉल्व्हवाल्यांनी एक लक्षात ठेवा: पंपाखाली हाउसिंगला टीडीसी (पिस्टन अगदी वर असतो ती जागा) शोधायची प्लॅस्टिकची टायमिंग पिन असते. कुतूहलाने ती आत दाबली असेल तर फिरवण्याआधी बाहेर ओढा, नाहीतर ती मोडून तुकडा आत पडेल. एका पिनेचा बंदोबस्त करताना दुसरी आत सोडल्यासारखं व्हायचं.

कव्हर उघडं आहे तोवर हाउसिंगचे बाकीचे बोल्ट बघून घ्या. यातले काही कालांतराने सैल झालेले सापडतात. एका वेळी एक बोल्ट काढा, साफ करा, लॉकटाइट लावा, २४ न्यूटन-मीटरला आवळा, मग पुढचा. कॅम गियरच्या मागे लपलेले राहू द्या. पंपाच्या गियरच्या नटाला हात लावायचं काही कारण नाही.

सील, जिथे खरं काम आहे

कव्हरमधलं जुनं सील ठोकून काढा. कव्हर आणि हाउसिंगवरचं जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडा. तारेचा ब्रश लावलेलं ड्रिल इथे नको, त्याची धूळ थेट तेलात जाते. खरवडताना गियरवर कापड झाकून ठेवा.

क्रँकच्या नाकावर जिथे सील घासतं तिथे नख फिरवून बघा. नखाला खाच लागली तर नुसतं नवीन सील टिकणार नाही. एकतर पातळ पोलादी स्लीव्ह चढवायची, नाहीतर सील थोडं वेगळ्या खोलीवर बसवून ओठ खाचेच्या बाजूला आणायचा.

आणि आता ज्या चुकीमुळे मी हे काम दोनदा केलं ती. कुठलंही रबरी सील बसवताना ओठाला तेल लावायचं हे हाताला इतकं लागलेलं असतं की आपण विचारही करत नाही. या इंजिनाचं पुढचं सील तसं नाही. त्याचा ओठ टेफ्लॉनचा आहे, आणि तो कोरडा बसवायचा असतो. सीलचा ओठ आणि क्रँकचं नाक, दोन्ही तेलाच्या अंशापासूनही स्वच्छ आणि कोरडे हवेत. पहिल्या काही फेऱ्यांत टेफ्लॉनचा पातळ थर क्रँकवर घासून बसतो आणि त्या थरावर सील पुढे चालतं. मी सवयीने बोटभर तेल फिरवलं. आठवडाभरात इंजिनाखाली पुठ्ठ्यावर थेंब. पंखा, डॅम्पर, कव्हर, सगळं परत. पिनेवरची पट्टी मात्र जागच्या जागी होती.

तेव्हा क्रम असा: क्रँकचं नाक ब्रेक क्लीनरने पुसा, वाळू द्या. नवीन गॅस्केट, कव्हर, बोल्ट हाताने. कव्हर क्रँकच्या मध्यावर आणायचं, आवळण्याआधी. सीलबरोबर आलेली मध्य साधायची टोपी किंवा कडं वापरा. डोळ्याने बरोबर दिसतं पण नसतं, आणि सील एका बाजूला दाबलं जाऊन गळतं. मग बोल्ट समोरासमोरचे घेत २४ न्यूटन-मीटरला आवळा. सीलच्या बाहेरच्या कडेला धातू असेल तर तिथे किटबरोबर आलेलं लॉकटाइट, रबर असेल तर साबणाचं पाणी. टोपीवरून सील क्रँकवर सरकवा, टोपी काढा, आणि किटमधल्या कड्याने सील सगळीकडून सारखं ठोकत योग्य खोलीपर्यंत न्या. ओठावर बोट फिरवू नका. सुंदर दिसतंय म्हणूनही नका.

बंद करणे

इथून पुढे सगळं उलट क्रमाने, त्यावर फार बोलत नाही. डॅम्परचे चार बोल्ट १२५ न्यूटन-मीटर, म्हणजे ९२ फूट-पाउंड, बारिंग टूल धरून. सेन्सरची फट मघाशी लिहिली तेवढीच. पट्टा फोटो बघून. पंख्याचा नट उलट्या आट्यांचा आहे हे परत आठवा, नाहीतर पंखा चढवताना आटे वाकडे धरतील.

तेल आणि फिल्टर बदला. कितीही जपलं तरी गॅस्केटचा एखादा कण आत गेलेला असतो. पुठ्ठ्यात एकही बोल्ट उरलेला नाही आणि बाकावर एकही हत्यार कमी नाही, हे मोजून बघा. माझ्या ओळखीतल्या एकाला १० मिलिमीटरचा सॉकेट तीन दिवसांनी रेडिएटर आणि पंख्याच्या कवचामधे सापडला. नशीब की पंख्याने तो आधी शोधला नाही.

बॅटऱ्या जोडा, सुरू करा, आणि लगेच रेस करू नका. तेलाचा दाब चढला का बघा, मग पाच मिनिटं आयडलवर चालू देऊन टॉर्चने खालून सीलची कड, कव्हरची कड, डबीची नळी बघा. गियरचा आवाज आधीपेक्षा वेगळा वाटला, करकर किंवा टकटक आली, तर ताबडतोब बंद. इंजिन तापेपर्यंत चालवा, रात्रभर खाली स्वच्छ पुठ्ठा ठेवा, सकाळी बघा. पुन्हा पाचशे किलोमीटरनंतर एकदा.

आणि कव्हरच्या बाहेरच्या बाजूला, बॉनेट उघडल्यावर दिसेल अशा ठिकाणी, पांढऱ्या ऑइल पेंटने तारीख, किलोमीटर आणि ‘पिनेला पट्टी लावली’ एवढं लिहून टाका. आतल्या पट्टीचा एक फोटो छापून ट्रकच्या कागदांत ठेवा. ट्रक उद्या दुसऱ्याकडे गेला तर तो हे कव्हर उगाच उघडणार नाही, आणि सीलला तेल लावायची संधीही त्याला मिळणार नाही.